शैली पाहावी की गुणफलक?

टेबल टेनिसच्या हौशी खेळाडूंची संघनिवड आपल्याकडे बहुधा डोळ्यांनी होते. कार्यालयाचे करमणूक मंडळ असो, महाविद्यालयाचा जिमखाना असो की उपनगरातील एखादा क्लब असो, निवड समितीचे दोघे-तिघे भिंतीशी खुर्च्या टाकून बसतात, खेळाडू पाळीपाळीने टेबलाशी येतात, पाच-दहा मिनिटे चेंडू इकडून तिकडे जातो आणि निर्णय होतो. 'याचा फोरहँड घोटीव आहे', 'त्याला बॅट धरता येत नाही', 'तो नुसता आडवा खेळतो' अशी शेरेबाजी होऊन तीन नावे फलकावर लागतात. ज्याचे नाव लागत नाही तो कारकून किंवा विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी मधल्या सुटीत संघातल्या एकाला हरवतो. त्यावर समितीचे उत्तर ठरलेले असते: ते ठीक, पण त्याचा खेळ काही खरा नव्हे. हा 'खरा खेळ' म्हणजे नेमके काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

ते विचारले पाहिजे, कारण प्रश्न केवळ एखाद्या चषकाचा नाही. महाराष्ट्रात शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ वरच्या पातळीवर चमकलेल्यांना मिळतो हे खरे. परंतु त्या पातळीकडे जाणाऱ्या शिडीची पहिली पायरी शाळा-महाविद्यालयांच्या संघातच असते. जो मुलगा महाविद्यालयाच्या तिघांत येत नाही तो विद्यापीठापर्यंत पोचत नाही, आणि विद्यापीठापर्यंत न पोचलेल्याची पुढे कोणी विचारपूसही करीत नाही. तेव्हा त्या खुर्च्यांवर बसून झालेली शेरेबाजी ही वाटते तितकी निरुपद्रवी गोष्ट नव्हे.

निवडीच्या या पद्धतीतला मूळ दोष साधा आहे. सामन्यापूर्वी दोन मिनिटांपर्यंत सराव करण्याची मुभा नियम देतात. या सरावात दोन्ही खेळाडूंचे एक अलिखित सहकार्य असते. समोरच्याला हवा तेथे आणि हवा तसा चेंडू द्यायचा. फटक्याचा डौल दिसतो तो अशा वेळी. सामना सुरू झाला की सारे उलटते. आता समोरच्याला नको तेथे आणि नको तसा चेंडू द्यायचा असतो. सर्व्हिसची फिरकी ओळखणे, ती परतवताना चेंडू उंच न उडू देणे, प्रतिस्पर्ध्याचा तोल कोणत्या पायावर आहे हे टिपणे, दहा-दहा अशा बरोबरीत हात न कापणे, या गोष्टी सरावात दिसत नाहीत. आणि हौशी पातळीवर बहुतेक गुण याच गोष्टींवर, पहिल्या चार-पाच चेंडूंतच ठरतात. निवड समिती परीक्षा घेते ती सहकार्यात खुलणाऱ्या गुणाची आणि संघ पाठवते तो मात्र विरोधाला तोंड द्यायला.

शैली आणि यश यांच्या या झगड्याचा सर्वांत बोलका दाखला खुद्द मुंबईत घडलेला आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आशिया खंडात प्रथमच भरली, ती मुंबईत. बड्या युरोपीय खेळाडूंच्या हातात त्या काळी लाकडावर आखूड दाण्यांचे पातळ रबर लावलेली बॅट असे, आणि चेंडूचा 'टक्' असा आवाज हा त्यांच्या दृष्टीने खेळाचाच भाग होता. आवाजावरून फटक्याचा जोर आणि फिरकी यांचा अंदाज ते बांधीत. जपानचा हिरोजी सातो हा चष्मेवाला खेळाडू जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. तिचा आवाज होत नव्हता, आणि चेंडू तिच्यावरून कोणत्या वेगाने सुटेल हे समोरच्याला उमगत नव्हते. अमेरिकेचा मार्टी रीझमन हा कसलेला खेळाडू त्याच्यापुढे हरला. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोत्सियान हरला. सातो जगज्जेता झाला.

'हा विजय सातोचा नव्हे, त्याच्या बॅटचा,' ही तक्रार तेव्हापासून होत आली आहे. सातोला ते अजिंक्यपद पुन्हा कधी मिळाले नाही, ही गोष्ट तक्रारदारांच्या पथ्यावर पडणारी आहे. परंतु त्या वेळी बॅटच्या पृष्ठभागावर नियमांचे बंधन नव्हते. स्पंज लावण्याची मोकळीक सर्वांनाच होती. सुचले ते एकाला. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, जपानच्याच इचिरो ओगिमुराने लंडनला जागतिक विजेतेपद मिळवले तेही स्पंजाच्या बॅटने. १९५९ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने नुसत्या स्पंजाला मनाई केली, पण वर रबराचे आवरण असेल तर दोन्ही मिळून चार मिलिमीटर जाडीपर्यंत स्पंज चालेल असे ठरवले. आज निवड समिती ज्या घोटीव टॉप स्पिनवर लुब्ध होते तो त्या आवरणाखालच्या स्पंजाच्याच बळावर मारला जातो. १९५२ मधला विक्षिप्तपणा असा आजचा शिष्टाचार होऊन बसला आहे. रीझमन मात्र २०१२ मध्ये निधन होईपर्यंत जुन्या आवाजी बॅटचा कैवार घेत राहिला, आणि त्याच्या निष्ठेचे कौतुकच केले पाहिजे.

आजच्या हौशी क्लबांत सातोची जागा लांब दाण्यांच्या रबराने घेतली आहे. खेळाडू त्याला लाँग पिंपल्स म्हणतात. साधे रबर चेंडूला पकडते आणि आपली फिरकी देते. लांब, लवचीक दाणे चेंडूला पकडत नाहीत, त्यामुळे समोरच्याने दिलेली फिरकी बव्हंशी तशीच राहून त्याच्याकडे परतते. जोरात मारलेला टॉप स्पिन खालच्या फिरकीचा चेंडू होऊन येतो आणि जाळ्यात जातो. खालच्या फिरकीने ढकललेला चेंडू किंचित वरच्या फिरकीने येतो आणि उडतो. समोरच्याच्या हाताची हालचाल पाहून फिरकी वाचायला शिकलेला खेळाडू येथे फसतो, कारण दिसते एक आणि येते दुसरेच. मग तो म्हणतो, याला खेळता येत नाही, याचे रबर खेळते. वास्तविक त्याला फसवले आहे ते त्याने स्वतःच आधीच्या फटक्यात दिलेल्या फिरकीने, आणि ती त्याने विसरायला नको होती.

या तक्रारीत तथ्याचा एक अंश होता, तो नियमकर्त्यांनी ओळखला. १९८०च्या सुमारास काही खेळाडू बॅटच्या दोन बाजूंना अगदी भिन्न गुणांची, पण एकाच रंगाची रबरे लावीत आणि चालू खेळात बॅट बोटांत फिरवीत. कोणती बाजू चेंडूला लागली हे आवाजावरून कळू नये म्हणून सर्व्हिस करताना पाय आपटण्याची युक्तीही निघाली होती. अर्थशास्त्रात जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखवून दिले तेच येथे होत होते. मालाची खरी प्रत विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणारा अंधारात. १९८६ पासून एक बाजू काळी व दुसरी लाल असण्याची सक्ती झाली. २०२१ पासून लालऐवजी आणखी काही रंग चालतात, एक बाजू मात्र काळीच हवी. २००८ साली घर्षण जवळजवळ नसलेल्या दाण्यांवर बंदी आली, हेही नमूद केले पाहिजे. पण एकंदर कल स्पष्ट आहे. लपवाछपवी नियमांनी बंद केली, वेगळेपणा ठेवला. जे नियमकर्त्यांनी मान्य केले ते महाविद्यालयाच्या निवड समितीने अमान्य करावे, हा अधिकार तिला कोणी दिला?

वेगळेपणाला वरच्या पातळीवर किंमत नाही, असे सांगणाऱ्यांनी अलीकडची दोन उदाहरणे आठवावीत. मनिका बत्राने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक मिळवले ते बॅकहँडला लांब दाणे लावून. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत ऐहिका मुखर्जीने त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या चीनच्या सुन यिंगशाला हरवले. तिच्या बॅटच्या एका बाजूस फिरकी बोथट करणारे गुळगुळीत रबर होते. चीनने ती लढत ३-२ अशी जिंकली हे खरे, पण तो एक गुण भारताच्या नावावर कायमचा लागला आहे. बॅट धरण्याची रीतही अशीच. अमेरिकेचा डॅनी सीमिलर बॅटच्या एकाच बाजूने फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही मारी. पाठ्यपुस्तकात न बसणाऱ्या त्या पकडीवर तो पाच वेळा आपल्या देशाचा विजेता झाला.

वेगळी शैली येते कोठून? पुष्कळदा ती खोलीतून येते. टेबल २.७४ मीटर लांब आणि १.५२५ मीटर रुंद. परंतु मोठ्या स्पर्धांत त्याभोवती १४ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ५ मीटर उंच अशी मोकळी जागा लागते. आपल्याकडील किती महाविद्यालयांत ती आहे? टेबल बहुधा वाचनालयाच्या मागल्या खोलीत किंवा जिन्याखालच्या बोळात असते. पाठीमागे दोन हातांवर भिंत, डोक्यावर पंखा आणि दिवा एका बाजूला. अशा जागी वाढलेला खेळाडू मागे सरकून मोठा फटका मारायला शिकणार कसा? तो टेबलाला चिकटून उभा राहतो, चेंडू वर येण्याआधीच अडवतो, मनगटाने दिशा बदलतो. पंखा चुकवण्यासाठी त्याचा चेंडू खालून जातो. पोटमाळ्यावर राहणाऱ्या माणसाला वाकून चालण्याची सवय लागावी तशी ही शैली असते. सभागृहात शिकवणी घेतलेल्या मुलाच्या लांबरुंद फटक्यांशेजारी ती खुजी दिसते. निवड समिती तेव्हा खेळाडूंची तुलना करीत आहे असे समजते. ती करीत असते त्यांच्या खोल्यांची.

मग डोळे बाजूला ठेवून निकालच मोजावेत काय? मोजावेत, पण मोजणीलाही तिचे पथ्य आहे. समजा, एक खेळाडू दुसऱ्याविरुद्ध दर शंभरातले पंचावन्न गुण घेतो, म्हणजे तो निश्चितच सरस आहे. तरीही अकरा गुणांचा एकच गेम खेळवला तर शंभरात अडुसष्ट-एकोणसत्तर वेळाच तो जिंकेल, असे गणित सांगते. २००१ पूर्वीच्या एकवीस गुणांच्या गेममध्ये हेच प्रमाण चौऱ्याहत्तरच्या आसपास होते. पाच गेमांचा पूर्ण सामना खेळवला तर ते ब्याऐंशीच्या घरात जाते. निवड चाचणीत वेळ नाही म्हणून एकेक गेम उरकणारी समिती तीनांपैकी जवळजवळ एका वेळी चुकीच्या माणसाला पुढे पाठवीत असते.

परदेशी क्लबांनी यावर गुणांकनाचा मार्ग काढला आहे. हंगेरीत जन्मलेले अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी अशी पद्धत बसवली. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. अमेरिकेतल्या टेबल टेनिसमध्येही जवळपास सारख्या बळाच्या दोघांत जिंकणाऱ्याला आठ गुण मिळतात आणि हरणाऱ्याचे आठ जातात. फार वरच्या खेळाडूने फार खालच्याला हरवले तर काहीच मिळत नाही, आणि उलटा निकाल लागला तर पन्नास गुणांची उलथापालथ होते. शेरेबाजीपेक्षा हे केव्हाही बरे. परंतु ग्राहक किंमत निर्देशांक जसा कोणत्याच एका घरचा किराणा सांगत नाही, तसा हा आकडाही कोणत्याच एका सामन्याचा निकाल सांगत नाही. अ हा जोरकस खेळाडू ब या अडवणाऱ्याला हरवतो, ब हा लांब दाण्यांच्या क ला हरवतो, आणि क अ ला हरवतो, अशी चक्री प्रत्येक क्लबात असते. मतदानात असा पेच पडतो हे फ्रान्सच्या कोंदोर्सेने १७८५ मध्येच दाखवले होते. या तिघांना एकाखाली एक लिहिणे म्हणजे वर्तुळाचे टोक शोधणे. शिवाय विचित्र खेळाडूचा आकडा तो कोठे खेळतो यावरही ठरतो. त्याच क्लबात वर्षभर त्याच्याशी खेळणारे त्याला सरावतात आणि त्याचे गुण घसरतात. बाहेरगावच्या स्पर्धेत तोच माणूस दोन फेऱ्या सहज पार करतो. ज्या संघाला बाहेरच खेळायचे आहे त्याने घरच्या आकड्यावर त्याला वगळणे शहाणपणाचे नाही.

प्रशिक्षकांची एक बाजू येथे मान्य केली पाहिजे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आधी सरळ फोरहँड-बॅकहँडच शिकवावा. पहिल्याच दिवशी लांब दाणे हाती दिले तर फिरकी देणे तो शिकतच नाही आणि पुढे त्याची वाढ खुंटते. पण शिकवणे वेगळे आणि निवडणे वेगळे. विशीतल्या विद्यार्थ्याला किंवा चाळिशीतल्या कारकुनाला घडवायचे नसते. त्याच्याकडे आहे ते वापरायचे असते.

त्यासाठी लागणारा खर्च एका वहीचा आहे. इच्छुक सर्वांनी एकमेकांशी पाच गेमांचे सामने दोन-तीन आठवड्यांत सवडीने खेळावेत, निकाल गुणांसह वहीत लिहावेत आणि वही फलकाशेजारी टांगावी. शेजारच्या कार्यालयातले किंवा महाविद्यालयातले दोघे-तिघे बोलावून त्यांच्याशीही प्रत्येकाला एकेक सामना द्यावा, म्हणजे सवयीचा परिणाम बाजूला काढता येईल. तिसऱ्या जागेसाठी दोघे बरोबरीत राहिले तर संघात आधीच असलेल्या दोघांसारखा जो खेळत नाही त्याला घ्यावे. प्रतिस्पर्ध्याला तीन सामन्यांत तीन वेळा तेच उत्तर चालू नये. आणि निवड समितीतल्या ज्यांना एखाद्याचा खेळ खरा वाटत नाही, त्यांनी यादी लावण्यापूर्वी त्याच्याशी एक सामना स्वतः खेळून त्याचा निकाल त्याच वहीत लिहावा.