पाणी दाखवणारे यंत्र घाणही दाखवते



विहिरीची जागा बघायला आलेला भूजलवाला तुम्ही पाहिला असेल. ओळीने चार लोखंडी खुंट्या ठोकतो. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतो, आतल्या दोन खुंट्यांत दाब मोजतो. खुंट्यांतले अंतर वाढवले की खोलवरचे कळते. कोरडा काळा पाषाण वीज अडवतो, पाणी धरलेला मुरूम तिला वाट देतो. क्षार मिसळलेले घाण पाणी तर त्याहून सहज वाट देते. म्हणजे याच यंत्राने कचरा डेपोची किंवा कारखान्याच्या सांडपाण्याची घाण जमिनीखाली कुठवर गेली, तेही शोधता येते.

हे पुस्तकी बोलणे नाही. भोपाळची 1984 ची वायुगळती सर्वांना ठाऊक आहे. त्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात सेव्हिन बनत असे, म्हणजे कार्बारिल, कपाशीच्या बोंडअळीवर मारायचे औषध. 2018 साली देशात त्यावर बंदी आली. कारखान्याने आपली घाण आवारातच टाकली, पुरली. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने विजेच्या मोजणीने त्या जागा शोधल्या, नागपूरच्या नीरीने माती-पाणी तपासले. 2010 च्या अहवालात दूषित मातीचा अंदाज निघाला 11 लाख टन. आणि 2025 साली पिथमपूरला नेऊन जाळला तो वर साठवलेला कचरा, फक्त 337 टन! वरचे उचलले, खालचे कोण उचलणार?

यंत्र म्हणजे देव नव्हे. ओली चिकणमातीही वीज जाऊ देते, आणि कित्येक विषारी औषधे यंत्राला दिसतच नाहीत. म्हणून यंत्राने जागा दाखवायची आणि तिथल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासायचा. दोन्ही हवे.

आपल्या खडकात पाणी भेगांतून पळते. एकाची बोअर नासते, शेजाऱ्याची चांगली राहते. मग साहेब म्हणतात, ‘तुमचे पाणी पहिल्यापासूनच असे असेल.’ याला उत्तर एकच: आधीचा नकाशा आणि आधीचा नमुना.

म्हणून हिंगोली जिल्ह्याच्या या बैठकीत ठराव करा. शिवारात कचरा डेपो किंवा सांडपाणी सोडणारा कारखाना येण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने जमिनीखालची मोजणी करावी, विहिरींचे पाणी तपासावे, नकाशा ग्रामपंचायतीत लावावा. दरवर्षी पुन्हा मोजावे. खर्च घाण करणाऱ्याने द्यावा, विहीरवाल्याने नव्हे.

विहीर नासल्यावर मोर्चा काढून पाणी गोड होत नाही.