शपथ नको, अनुबोधपट दाखवा!

फेब्रुवारी २०२० मध्ये अमरावती जिल्ह्यातील चांदूर रेल्वेच्या एका महिला महाविद्यालयात विद्यार्थिनींकडून प्रेमविवाह न करण्याची शपथ वदवून घेण्यात आली. त्याच महिन्यात हिंगणघाटला एका पुरुषाने तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवले होते. गुन्हा पुरुषाचा आणि शपथ मुलीला, हा कोठला न्याय? टीकेचा गदारोळ उठला आणि विरला. शपथेमागची वृत्ती मात्र शाबूत आहे. घराण्याची अब्रू एकदा मुलीच्या देहात ठेवली, की बाप-भावाच्या हातातील शस्त्रालाही प्रतिष्ठा मिळते.

‘हे हरियाणात घडते, फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात नाही’ ही समजूत खोटी आहे. जानेवारी २०१३ मध्ये नगर जिल्ह्यातील सोनई येथे प्रेमसंबंधावरून तीन दलित तरुणांची हत्या झाली. एप्रिल २०१४ मध्ये त्याच जिल्ह्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाला ठार मारण्यात आले. सोनई प्रकरणी २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. खर्ड्याचे आरोपी मात्र २०१७ मध्ये कनिष्ठ न्यायालयातून निर्दोष सुटले. केवळ न्यायालयांवर विसंबून भागणार नाही, हे यावरून उघड आहे.

म्हणून आमची सूचना आहे : अमरावती आणि अकोल्याच्या वसतिगृहांतून तरुणांना या विषयावरचे अनुबोधपट दाखवा. ‘सैराट’ने २०१६ मध्ये हा प्रश्न घराघरांत नेला खरा, पण कथापटातील रक्त खोटे असते, हा दिलासा प्रेक्षकाजवळ उरतो. अनुबोधपट तो दिलासा काढून घेतो. नकुलसिंग साहनी यांच्या ‘इज्जतनगरी की असभ्य बेटियाँ’ (२०१२) मध्ये खाप पंचायतींना न जुमानणाऱ्या तरुणी स्वतः बोलतात. त्यांची हिंदी वऱ्हाडी मुलामुलींना परकी नाही. चित्रपट संपल्यावर भाषण ठोकू नका. प्रथम मुलांना विचारा : बहिणीने जात ओलांडली तर तू काय करशील? मग मुलींना बोलू द्या. सज्ञान स्त्री-पुरुषांच्या विवाहाला कुटुंबाची वा जातीची संमती लागत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०१८ चा निर्वाळाही त्यांना सांगा.

संस्थाचालक कुरकुरतील. त्यांना पंजाबराव देशमुखांची आठवण द्या. १९२७ साली त्यांनी स्वतः आंतरजातीय विवाह केला. त्याच साली अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाचा लढा पेटला. अमरावतीची शिक्षणसंस्था त्यांनी उभारली, अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाने चालते. त्यांच्या तसबिरीला हार आणि त्यांच्या कृतीला बंदी, हे चालणार नाही.

कार्यकर्ता बंधु-भगिनींनो, प्रश्न आपल्यालाही आहे. व्यासपीठावर जातिअंताचा ठराव आणि घरी पोटजात पाहून सोयरीक, अशा दुटप्पी माणसाने पडदा लावला तर तरुण हसतील, आणि ते योग्यच ठरेल. पहिला खेळ आपल्या घरच्यांसमोर करा. तेथे वाद पेटला, तर काम सुरू झाले असे समजा.