कारण न शोधता इंजेक्शन?

२०२० मध्ये भारतात सुमारे ३० लाख बालके मुदतपूर्व जन्मली, जगात सर्वाधिक. तरीही ‘प्रोजेस्टेरॉन कमी पडले’ एवढ्यावर चर्चा संपते. मेंढीत प्रसूतीपूर्वी रक्तातील हे संप्रेरक घटते. स्त्रीमध्ये मात्र ते चढेच राहते. बदलतो तो गर्भाशयाचा प्रतिसाद: ग्राहींचे प्रमाण पालटते, दाह वाढतो, प्रोस्टाग्लँडिन स्रवते, कळा सुरू होतात. मग सरसकट इंजेक्शनांनी काय साधणार? उपयोग सिद्ध न झाल्याने अमेरिकेने २०२३ मध्ये ‘माकेना’ची मान्यता काढून घेतली. गर्भाशयमुख आखूड असल्यास योनीमार्गे दिलेले प्रोजेस्टेरॉन उपयोगी ठरते. पण तो नेमका उपचार आहे, रामबाण नव्हे. गुरुग्राममध्ये २०१५ पासून चाललेल्या ‘गर्भिणी’ अभ्यासासारखे संशोधन देशभर व्हायला हवे. मेंढीचे उत्तर भारतीय मातांच्या माथी मारणे म्हणजे विज्ञान नव्हे.