ग्राहकाचा पत्ता ही अमानत आहे

अहिल्यानगरच्या कापड बाजारात आम्ही तीस वर्षे गादीवर बसत आहोत. मुलांच्या आग्रहाने दुकानाची वेबसाईट काढली. ती तयार करणाऱ्याने 'वापराच्या अटी' आणि 'गोपनीयता धोरण' ही दोन पाने दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीची जशीच्या तशी उतरवून दिली. आम्ही न वाचताच मान डोलावली. पुढे श्रीरामपूरच्या एका ग्राहकाने पंचवीस दिवसांनी साडी परत पाठवली. आम्ही नकार देताच त्याने आमचीच अट दाखवली : तीस दिवसांत माल परत. वादासाठी न्यायालय लिहिले होते दिल्लीचे! आम्ही मुकाट्याने पैसे परत केले. चूक आमचीच होती.

ही पाने शोभेची आहेत, असे आपले बरेच व्यापारी बंधू समजतात. तसे नाही. 'कापलेला कपडा परत घेणार नाही' अशी पाटी आपण दुकानात लावतो, तशीच ही पाटी आहे. सदोष माल नाकारण्याची सूट मात्र कुठल्याच पाटीने मिळत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार दुकानाचे नाव, पत्ता, माल परतीच्या अटी आणि तक्रार ऐकणाऱ्याचे नाव देणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावे लागते.

दुसरे पान अधिक नाजूक आहे. ग्राहक आपले नाव, फोन नंबर आणि पत्ता विश्वासाने देतो. ती अमानत आहे. तो नंबर परस्पर दुसऱ्याला देणे ही खयानतच होय. आता कायदाही तेच सांगतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी मे २०२७ ची मुदत आहे. माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ग्राहकाला द्यायची सूचना त्याला इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचता आली पाहिजे. त्यात मराठी आहे आणि उर्दूही आहे.

तेव्हा बंधूंनो, उतरवलेली पाने काढून टाका. एका संध्याकाळी बसून आपल्या जबानीत लिहा : कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, कुरिअरवाल्याशिवाय कोणाला देतो, किती दिवस ठेवतो, ग्राहकाने सांगितल्यास कशी पुसतो. मग तो कागद वकिलाला दाखवा. आपला धंदा एतबारावर उभा आहे. तो एतबार आता लिहून द्यायचा आहे, इतकेच.