नवे पॅड बसवून थेट घाट नको

ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते, पेडल पायाखाली धडधडते. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या खोपोली, चौक, कर्जत, नेरळच्या कोणत्याही गॅरेजला ही तक्रार नवी नाही. उत्तरही बहुधा ठरलेले असते: ‘डिस्क वाकली.’ मग डिस्क लेथवर घासली जाते, नवे पॅड बसतात, बिल होते आणि गाडी त्याच दिवशी खंडाळ्याच्या किंवा माथेरानच्या रस्त्याला लागते. काही आठवड्यांनी थरथर परत येते आणि दोष पॅडच्या कंपनीला दिला जातो. खरे तर बरेचदा काम अर्धवट राहिलेले असते.

कारची डिस्क सहसा वाकत नाही. तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. हा फरक केसाच्या जाडीपेक्षा कमी असला तरी पायाला आणि हाताला जाणवतो. त्याची कारणे दोन. पॅडमधला पदार्थ डिस्कवर कुठे जास्त, कुठे कमी चिकटतो, हे एक. दुसरे म्हणजे, हबवरचा गंज न घासता डिस्क बसवली किंवा व्हील नट कमीजास्त आवळले, तर डिस्क किंचित लचकत फिरते. मग प्रत्येक फेरीत तोच भाग पॅडला घासतो आणि झिजतो. अशी डिस्क नुसती लेथवर मारली, तर ती पातळ होते आणि मूळ कारण जागच्या जागी राहते. आधी हब साफ करावा, डायल गेज लावून लचक मोजावी, नट टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराने आवळावेत. डिस्क कंपनीने ठरवलेल्या किमान जाडीच्या खाली गेली असेल, तर ती बदलण्याला पर्याय नाही. ब्रेक न दाबताही गाडी थरथरत असेल, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. जोरात ब्रेक मारल्यावर एबीएसमुळे पेडल धडधडते, तो मात्र बिघाड नव्हे.

यानंतरची पायरी सर्रास गाळली जाते, ती म्हणजे पॅड रुळवणे. नवा पॅड आणि डिस्क यांच्यात पॅडच्या पदार्थाचा पातळ, एकसारखा थर बसावा लागतो. त्यासाठी सपाट, मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, ताशी ५०-६० किलोमीटरच्या वेगावरून मध्यम दाबाने १०-१५ पर्यंत यावे. पूर्ण थांबू नये. पुन्हा वेग घेऊन अर्धा-एक किलोमीटर ब्रेकला वारा लागू द्यावा. असे आठ-दहा वेळा करावे. शेवटी पाच-दहा मिनिटे ब्रेक शक्य तितका कमी वापरत गाडी चालवावी. तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून उभे राहिले, तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि तिथूनच थरथर सुरू होते. पॅडच्या खोक्यावर वेगळी सूचना असेल, तर ती पाळावी.

खालापूर-कर्जतकरांसाठी हा प्रश्न नुसत्या आरामाचा नाही. माणसांसह दीड टन वजनाची कार बोरघाटात सुमारे ५०० मीटर खाली येते, तेव्हा २० लिटरहून अधिक पाणी उकळेल इतकी ऊर्जा कुठे तरी जिरावी लागते. गिअर खालचा नसेल, तर त्यातली बरीचशी उष्णता ब्रेक सोसतात. न रुळलेला पॅड अशा वेळी कमी पकडतो. ब्रेक ऑइल जुने असेल, तर त्याने शोषलेल्या पाण्यामुळे ते लवकर उकळते आणि पेडल पोकळ जाते. कर्जत-लोणावळा मार्गावर ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. तिथे घाट उतरणाऱ्या रेल्वेगाड्या ठरलेल्या जागी थांबून, ताबा असल्याची खात्री करूनच पुढे जातात. रस्त्यावर ही खात्री ज्याची त्यालाच करावी लागते.

काम करणाऱ्या मेकॅनिकच्या फुप्फुसांचाही विचार हवा. ब्रेकवरची धूळ हवेच्या पाइपने उडवण्याची सवय घातक आहे. जुन्या किंवा स्वस्त पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याने कर्करोग होतो. धूळ ओल्या फडक्याने पुसावी आणि पॅड अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त असल्याचे खोक्यावर पाहूनच घ्यावेत.

गॅरेजवाल्यांनी बिलावर चार ओळी लिहिण्याची पद्धत पाडावी: हब साफ केला, लचक मोजली, नट टॉर्कने आवळले, पॅड रुळवले. ग्राहकानेही त्या चार ओळी मागाव्यात आणि अर्ध्या तासाच्या मजुरीवरून घासाघीस करू नये. पॅड रुळवायची जागा पायथ्याचा सपाट रस्ता आहे; घाटातले पहिले वळण नव्हे.