गाडी जागेवर बसली म्हणजे गिअरबॉक्स गेला असे नव्हे



या पानावर आपण नेहमी लागण, खत, पाण्याच्या पाळ्या यांवरच बोलतो. आज जरा गाडीवर बोलू. ऊस वाहायला ट्रॅक्टर आणि ट्रक असले, तरी बेणे, खताच्या गोण्या, मजूर, डिझेलचे कॅन, कधी पाहुणे, हे सगळे ओढते ती दारातली जुनी पिकअप. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून घेतलेली, पाट्यांत एक पान जादा टाकलेले. ती एका दिवशी काही न सांगता रस्त्यात बसते. इंजिन चालू, गिअर पडतो, क्लच सोडला की आवाज होतो, पण गाडी जागची हलत नाही. मग आपण काय करतो? ट्रॅक्टरला दोर बांधून ती गॅरेजात नेतो, चावी मिस्त्रीच्या हातात देतो आणि समोर चहाला बसतो. आमचे म्हणणे एवढेच, की चावी देण्याआधी पंधरा मिनिटे मालकाने स्वतः घालवावीत.

हे आम्ही पैसे मोजून शिकलो, म्हणून सांगतो. आडसाली लागणीचे दिवस. को ८६०३२ चे बेणे भरून गाडी कालव्याच्या पुलाचा चढ चढत होती. मागून ‘ठॉक’ असा एकच आवाज झाला आणि गाडी थांबली. ड्रायव्हर पोरगा हुशार, पण त्याने नेहमीची सवय केली. पहिला गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी मागे सरकू लागली. मागे लागणीच्या दोन बाया खाली उतरून उभ्या होत्या. एकीने आरडाओरडा केला, दुसरीने कडेचा दगड चाकाखाली लोटला, म्हणून त्या दिवशी निभावले.

गिअरमध्ये असलेली गाडी सरकली कशी, हे तेव्हा आम्हाला उमगले नाही. कारण सोपे आहे. गिअर गाडीला धरून ठेवतो तो प्रोपेलर शाफ्ट, क्राऊन आणि दोन्ही एक्सल यांच्या मार्फत. यातला एक दुवा तुटला, की गिअरचा चाकाशी संबंधच राहत नाही. दोन एक्सलपैकी एकच तुटला तरी हेच होते, कारण डिफरन्शियल सगळे फिरणे तुटलेल्या बाजूला देऊन टाकते आणि चांगले चाक नुसते उभे राहते. जुन्या जीपच्या धाटणीच्या काही गाड्यांत तर हँडब्रेकही प्रोपेलर शाफ्टवरच असतो. तिथे एक्सल तुटला की गिअरही धरत नाही आणि हँडब्रेकही धरत नाही. उरतो तो पायाखालचा ब्रेक. म्हणून आवाज होऊन गाडी थांबली की पाय ब्रेकवरच ठेवावा आणि सोबतच्या माणसाने चाकांना दगड लावावेत. मागे कोणी उभे राहू नये. (आणि गाडी नेल्यावर ते दगड रस्त्यातून काढावेत! अंधारात मोटारसायकलवाला त्यावर आदळतो, हे सांगायला लागू नये, पण लागते.)

आता पुढची गोष्ट. मिस्त्रीने ऐकले, “गिअर पडतोय, गाडी हलंना.” म्हणाला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवला. आत काही सापडले नाही. मग म्हणाला, उतरवलाच आहे तर क्लच प्लेट टाकून घ्या. टाकली. तिसऱ्या दिवशी गाडी जोडली, तरी ती जागेवरच! तेव्हा कुठे मागचा एक्सल ओढून बघितला, तर तो तुटलेला. बेणे ‘सकाळी होईल, सकाळी होईल’ करत गाडीतच राहिले. तोडलेले बेणे २४ तासांच्या आत लागले पाहिजे, हे आम्हीच लोकांना सांगत आलो. त्या प्लॉटात नांग्या भरता भरता पुरेवाट झाली. मिस्त्री लबाड होता असे आमचे म्हणणे नाही. त्याने पुढून शोधायला सुरुवात केली आणि दोष मागे होता. आम्हीही त्याला तो ‘ठॉक’ मागून आला हे सांगितले नाही.

मग शोधायचे कसे? आधी कानांनी आणि नाकाने. क्लच प्लेट सहसा एकाएकी जात नाही. आधी बरेच दिवस चढावर इंजिन ओरडते, वेग वाढत नाही, जळका वास येतो. तसे काही नसताना एकच मोठा आवाज होऊन ओढ गेली, तर पहिला संशय एक्सलचा किंवा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा. करकर, खडखड होऊन गेली असेल तर क्राऊन-पिनियनचे दात बघावे लागतील.

मग डोळ्यांनी. जुन्या गाड्यांत स्पीडोमीटरची केबल बहुधा गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून निघते. चाकांना पुढून-मागून दगड लावून, ब्रेक दाबून, पहिल्या गिअरात क्लच हळू सोडावा. इंजिन बंद पडले, तर ओढ चाकांपर्यंत पोचते आहे. इंजिन चालू राहिले, गाडी उभीच आणि काटा मात्र हलतोय, तर गिअरबॉक्स आपले काम करतो आहे आणि दोष त्याच्या मागे आहे. त्या वेळी गाडीखाली कोणी डोके घालायचे नाही.

नंतर हाताने. सपाट जागा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, चाके जमिनीवर आणि दगड पक्के. गाडीखालचा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, थंड झाल्यावर हाताने फिरवून बघा. धड गाडीत तो थोडा खेळतो आणि अडतो. एक्सल तुटला असेल किंवा क्राऊनचे दात गेले असतील तर तो रहाटासारखा गरगर फिरतो. ही एक परीक्षा आम्हाला माहीत असती तर गिअरबॉक्सला पाना लागला नसता. तिथेच दोन्ही टोकांचे क्रॉसही बघून घ्या. कॅपच्या भोवती तांबूस गंजाची पूड दिसली, तर तो क्रॉस कोरडा पडला आहे. पुढून रिव्हर्स टाकताना ‘टक्’ वाजते तेही बऱ्याचदा त्याचेच. त्याकडे दुर्लक्ष करू नका. चालत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला तर दांड्याचे टोक रस्त्यात रुतते आणि गाडी उलटूही शकते.

ज्या गाडीच्या मागच्या हबवर मधोमध बोल्टांची चकती असते, तिचा एक्सल चाक न काढता बाहेर ओढता येतो. आखूड निघाला तो तुटलेला. पण आत राहिलेला तुकडा काढल्याशिवाय आणि हौसिंगमधले जुने ऑइल गाळून धुतल्याशिवाय नवा बसवू देऊ नका. तो तुकडा क्राऊन खाऊन टाकतो.

आणि तुटलेले तोंड जरूर पाहा. आमच्या एक्सलचे निम्मे तोंड काळपट, तेलकट होते आणि निम्मे लखलखीत. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती त्या चढावर पडली नव्हती. कधी दीडपट खत भरले, कधी ओल्या शेतातून हिसके देऊन गाडी काढली, तिथे ती सुरू झाली होती. पाट्यात जादा पान टाकले की गाडी बसत नाही, एवढेच आपण बघतो. एक्सल तोच राहतो, त्याची जाडी काही वाढत नाही. या बाबतीत आम्हीही पुष्कळ वर्षे शहाणे नव्हतो.

कारखान्याचे स्वतःचे वर्कशॉप आहे, त्यात अनुभवी फिटर आहेत. हंगाम सुरू होण्याआधी गटागटांतून सभासदांच्या गाड्यांवरची पोरे एक-एक दिवस तिथे बोलवावीत, एक जुने हौसिंग उघडून दाखवावे, गाडी चढावर थांबली तर काय करायचे ते त्यांच्याकडून करवून घ्यावे. खर्च चहा-नाश्त्याचा. येत्या वार्षिक सभेत आम्ही हा विषय मांडणार आहोत. ज्यांची गाडी अशी बसली असेल त्यांनी सभेला तुटलेला एक्सल घेऊनच यावे. आमचा आम्ही आणतो.