देहाचा समतोल आणि सकाळची न्याहारी

सजीवांच्या देहातील महारेणू कोणते असे विचारताच पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ व न्यूक्लीइक आम्ले ही चार नावे आपले विद्यार्थी अस्खलित म्हणून दाखवितात. परंतु तेच विद्यार्थी नुसत्या चहावर वाडीवस्तीवरून पाटणास शाळेला येतात, तेव्हा हे ज्ञान पुस्तकातच राहिले असे आम्हांस म्हणावे लागते.

कोयनेचेच उदाहरण घ्या. पावसाळ्याचे पाणी शिवाजीसागरात साठते व पुढे गरजेप्रमाणे सोडले जाते. साखरेच्या बाबतीत आपले यकृत हेच कार्य करते. जेवणानंतर रक्तातील साखर वाढली, की स्वादुपिंडातून आलेल्या इन्सुलिन नामक प्रथिनाच्या आज्ञेने तिचा काही भाग ग्लायकोजेन या महारेणूच्या रूपाने यकृतात साठतो. उपवासात तोच पुन्हा साखर होऊन रक्तात उतरतो. हे ग्लायकोजेन फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ साली यकृतातून वेगळे करून दाखविले. देहाच्या या अंतर्गत समतोलास आपण समस्थिती म्हणतो.

परंतु भरल्यावाचून धरणही देत नाही. मेंदूचे वजन देहाच्या सुमारे २ टक्के. तरी विश्रांतीतही देहाची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा घेतो. रात्रभराच्या उपवासाने साठा उणा झाल्यावरही पोट रिकामेच राहिले, तर देह स्नायूंतील प्रथिने मोडून साखर करू लागतो. समतोल राहतो खरा, पण घराचे वासे काढून चूल पेटविण्याचाच हा प्रकार होय. वाढत्या वयात तो परवडणारा नाही.

गरिबाने हे कसे साधावे, असे कोणी म्हणेल. त्यास बाजारचा खाऊ नको. केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट १९३९ साली मिळविणाऱ्या कमला सोहोनी यांनी कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला होता. धान्यांत लायसिन हा प्रथिनांचा घटक उणा असतो, तो कडधान्यांत विपुल असतो. म्हणून भाकरीसोबत उसळ अथवा भातासोबत आमटी हा मेळ उत्तम. आपल्या डोंगरउतारावरील नाचणीत तांदळाहून कितीतरी अधिक कॅल्शियम असते.

पालकांस आमची एकच विनंती. मुलास व मुलीस सारखेच वाढा, आणि सकाळी अर्धी भाकरी का होईना, पोटात घालूनच त्यांस शाळेस धाडा. शिक्षक धडा शिकवितील; तो ग्रहण करण्याचे बळ मात्र घरच्या चुलीवरूनच यावयाचे आहे.